स्केलवरचे दहा मायक्रॉन

तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे, बेळगावच्या उद्यमबागेत, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे आत सरकणारे खाचांचे दांडे, करणारा एक छोटा कारखाना होता. त्यांच्या टूलरूममध्ये लांबी मोजायचं एक बेंच होतं. सरकतं टेबल, टेबलाला बाजूने लावलेली काचेची लिनिअर स्केल, स्केलकडून येणारे पल्स घेणारं एक कार्ड आणि ते कार्ड पोटात घेतलेला, ८०८८ प्रोसेसरचा जुना एक्सटी कॉम्प्युटर. टेबल ५ मायक्रॉन सरकलं की एक पल्स, आणि स्क्रीनवर ठळक आकड्यांत मिलिमीटर. १९९७ च्या पावसाळ्यात त्या एक्सटीचा मदरबोर्ड गेला. मी तेव्हा त्या भागात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीची कामं घेत होतो. एक्सटीचा बोर्ड मिळायचे दिवस संपले होते, म्हणून कोल्हापूरहून एक वापरलेला ४८६, म्हणजे त्याच घराण्यातल्या पुढच्या प्रोसेसरचा कॉम्प्युटर, आणला. कार्ड त्याच्या स्लॉटमध्ये चपखल बसलं, फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालू झाला, आकडे धावायला लागले.

थोड्याच दिवसांत टूलरूमच्या मामांचा फोन आला. ‘‘कॉम्प्युटर बदलल्यापासनं टेबलात प्ले आलाय बगा. या की जरा.’’

प्ले म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, आणि मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने फिटर. त्यांनी तक्रार तोंडी सांगितली नाही, डायल लावून दाखवली. टेबल डावीकडून सरकवत डायलच्या शून्यावर आणलं, स्क्रीनवर २५.०००. तसंच पुढे नेलं, उलटं फिरवून उजवीकडून परत त्याच शून्यावर आणलं. डायलची सुई बरोबर शून्यावर, स्क्रीनवर २५.०१०. पुन्हा डावीकडून आणलं की २५.०००. स्पूलच्या खाचेची एक कड डावीकडून गाठायची आणि दुसरी उजवीकडून, त्यामुळे हे दहा मायक्रॉन थेट मापात मिसळत होते, आणि चांगला माल रिजेक्टच्या ट्रेमध्ये जात होता.

अशी लक्षणं दिसली की कुणीही यांत्रिक माणूस लोखंडाकडेच जाणार. मामांनी गिब, म्हणजे टेबलाचा ढिलेपणा काढणारी पट्टी, आवळली होती, स्केलचा ब्रॅकेट सोडून पुन्हा बसवला होता, रीडिंग हेडचं अंतर तपासलं होतं. फरक तिळमात्र नाही. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. झिजेमुळे आलेला प्ले सगळीकडे सारखा नसतो. जिथे टेबल रोज फिरतं त्या मधल्या भागात तो जास्त असतो, टोकांना कमी. इथे आम्ही टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जागोजागी तपासलं. प्रत्येक ठिकाणी ०.०१०. कुठे ०.००५ नाही, कुठे ०.०१५ नाही. हळू फिरवा, जोरात फिरवा, तेवढाच. पुढच्या पॅनलवरचं टर्बोचं बटण दाबून ४८६ चा वेग उतरवला, तरी तेवढाच. शिवाय स्केल थेट टेबलाला लावलेली, मध्ये स्क्रू नाही, नट नाही. प्ले यायचा तरी कुठून?

मग ऑपरेटरने जे दाखवलं त्याने लोखंडाचा विषयच संपला. तो खानापूर तालुक्यातला पोरगा, अर्धं मराठीत अर्धं कानडीत बोलणारा. ‘‘इल्ली नोड्री सर,’’ म्हणजे इथे बघा, म्हणाला आणि हँडव्हील बोटाच्या टोकाने अगदी केसभर पुढे-मागे करायला लागला, एकेका पल्सपुरतं. डायलची सुई उजवीकडे गेली की स्क्रीनवरचा आकडा कमी व्हायचा, सुई डावीकडे आली की वाढायचा. बरोबर उलटं! एकाच दिशेला दोन-तीन पल्स सलग गेलं की मात्र आकडा सुधारून नीट धावायचा.

ढिला पडलेला ब्रॅकेट उशिरा हलेल, अडकेल, पण उलट्या दिशेला जाणार नाही. याचा अर्थ एकच निघत होता: दिशा बदलल्यावरचा फक्त पहिला पल्स जुन्या दिशेने मोजला जातोय. एक वजा व्हायचा तो अधिक झाला, म्हणजे दोन पल्सची चूक, म्हणजे दहा मायक्रॉन. परत फिरलं की तशीच उलटी चूक होऊन हिशेब पुन्हा जुळतो. बाहेरून बघणाऱ्याला तो हुबेहूब प्ले वाटणार.

दोष कार्डात की प्रोग्रॅममध्ये, हा पुढचा प्रश्न. दिशा सांगणारी लाइन ऑसिलोस्कोपवर पाहिली. पल्सच्या आधी ती व्यवस्थित बदलत होती. कार्ड सुटलं. राहिला प्रोग्रॅम, आणि त्याचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, नव्हता. बेंच बनवणाऱ्यांपर्यंत पोचायची काही सोय उरली नव्हती. हातात फक्त चालवायची ईएक्सई फाइल आणि डॉसबरोबर येणारा डीबग, म्हणजे प्रोग्रॅम उघडून त्यातले बाइट बघायचं-बदलायचं साधन.

डीबग हे हत्यार दिसायला ओबडधोबड, पण अशा कामाला त्याच्याइतकं विश्वासू दुसरं मला माहीत नाही. कार्डाचा पत्ता हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेल्या आकड्यांत, ३००. तो पत्ता डीएक्स रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका खणात, भरणारे बाइट म्हणजे ‘बीए ०० ०३’. एस कमांडने तेवढे तीन बाइट शोधले, थोड्याच जागा निघाल्या, आणि त्यातल्या एका जागी पल्स मोजणारं लूप सापडलं. छोटंसंच होतं. कार्ड वाचायचं, पल्स आला का बघायचं, दिशेचा बिट घ्यायचा, त्यावरून एका दोन बाइटांच्या तक्त्यातून एक बाइट उचलून बीएल रजिस्टरमध्ये ठेवायचा. तक्त्यातले बाइट होते ०१ आणि २९. त्यापुढची ओळ वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. तो बाइट कुठल्याही व्हेरिएबलमध्ये जात नव्हता. तो जात होता प्रोग्रॅमच्या स्वतःच्याच पोटात, थोड्या पुढच्या एका इन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या आज्ञेच्या, पहिल्या बाइटवर.

०१ म्हणजे मेमरीतल्या आकड्यात एएक्स मिळवणारी अ‍ॅड, २९ म्हणजे वजा करणारी सब. पुढचे तीन बाइट दोन्हींत सारखेच. म्हणजे हा प्रोग्रॅम प्रत्येक पल्सला आपली बेरीज खोडून वजाबाकी लिहीत होता, किंवा वजाबाकी खोडून बेरीज, आणि मग तीच ओळ चालवत होता.

हे वाचून आजचा कुणी नाक मुरडेल. मी मुरडणार नाही. एक्सटीच्या ८०८८ वर अट पूर्ण होऊन जंप, म्हणजे दुसऱ्या ओळीवर उडी, घेतली गेली तर घड्याळाचे १६ ठोके, म्हणजे क्लॉक, लागतात आणि नाही घेतली तर ४. म्हणजे ‘दिशा उजवी असेल तर इकडे, नाहीतर तिकडे’ असं सरळ लिहिलं, तर दोन दिशांना वेगवेगळा वेळ लागतो. टेबल जोरात फिरत असताना पल्स चुकू नये, दोन्ही दिशांना घड्याळ सारखंच पडावं, म्हणून त्या माणसाने जंपच काढून टाकली होती. तो कोण होता कुणास ठाऊक, पण त्याला त्याचा प्रोसेसर पाठ होता.

आता डीबगची टी कमांड, म्हणजे एकेक इन्स्ट्रक्शन चालवून थांबायचं. मामांना म्हटलं, टेबल किंचित मागे घ्या. ट्रेस केलं. बीएलमध्ये २९ आला, २९ लिहिला गेला, पुढे सब चालली, आकडा एकने कमी झाला. बरोबर. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दरवेळी बरोबर! डीबगमधून बाहेर येऊन प्रोग्रॅम सुटा चालवला की पुन्हा दहा मायक्रॉन.

पाहत असताना नीट वागणारा आणि पाठ फिरवली की बिघडणारा दोष माणसाला हैराण करतो. पण ते ‘पाहणं’ नेमकं काय करतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि तिथून वाट मिळाली. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायच्या खुणा, वेगवेगळ्या जागी ठेवून बघितले. २९ लिहून झाल्यावर पण सब चालण्याआधी थांबलो, तर पुढे निकाल बरोबर. दोन्हींच्या नंतर थांबलो, मध्ये कुठेही न थांबता, तर निकाल चूक. ज्या बाइटवर लिहिलं जातंय नेमक्या त्याच बाइटवर ब्रेकपॉइंट ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण ब्रेकपॉइंट ठेवणं म्हणजे डीबगने स्वतः तिथे ‘सीसी’ हा बाइट लिहिणं आणि थांबल्यावर जुना बाइट परत ठेवणं. एकाच जागी दोघे लिहायला लागले तर कुणाचं काय राहिलं ते सांगता येत नाही.

शेवटच्या प्रकाराने थांबलो तेव्हा मेमरी उघडून पाहिली. तिथे स्वच्छ २९ होता. वजाबाकी. आणि निकाल होता बेरजेचा. मेमरीत एक लिहिलेलं आणि प्रोसेसरने केलेलं दुसरंच.

मग हे कसं होतं, ते सांगतो. १९७८ च्या ८०८६ पासून इंटेलच्या प्रोसेसरचे दोन भाग आहेत. एक भाग इन्स्ट्रक्शन चालवतो, दुसरा मेमरीशी बोलतो. चालवणारा कामात असताना बोलणारा मोकळा असला, तर तो पुढचे बाइट आधीच आणून एका छोट्या रांगेत ठेवतो. हीच प्रीफेच क्यू. ८०८६ ची रांग ६ बाइटांची, ८०८८ ची ४ बाइटांची. रांगेत आलेल्या बाइटची मूळ जागा नंतर कुणी बदलली, तर ते रांगेला कळत नाही. रांगेतली जुनी प्रत तशीच चालते. जंप, कॉल, रिटर्न किंवा इंटरप्ट, म्हणजे मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवणारी हाक, आला की रांग रिकामी होते आणि मेमरीतून नव्याने भरली जाते.

आमच्या प्रोग्रॅममध्ये लिहिणारी ओळ आणि बदलली जाणारी ओळ यांच्यामध्ये दोन लहान इन्स्ट्रक्शन होत्या, मिळून ५ बाइट. म्हणजे बदलला जाणारा बाइट सहावा. ८०८८ ची रांग चारवर संपते, सहाव्यापर्यंत पोचूच शकत नाही. एक्सटीवर तो प्रोग्रॅम आयुष्यभर बरोबर चालला तो याच हिशेबावर. पूर्ण ८०८६ असता तर नेमका तो सहावा बाइट रांगेच्या शेपटात सापडू शकला असता. आणि ४८६? त्याची रांग ३२ बाइटांची, तीही १६-१६ बाइटांच्या तुकड्यांनी भरणारी. २९ लिहिला जाईपर्यंत जुनी बेरीज आत येऊन बसलेली. पुढच्या पल्सला लूप मागे उडी मारून येतं, रांग नव्याने भरते, तेव्हा मेमरीतला २९ दिसतो. म्हणून फक्त पहिला पल्स चुकायचा.

टी कमांडने दोष का लपायचा, हेही यातच आहे. ट्रेस करताना प्रोसेसर प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर एक इंटरप्ट घेतो. दर पावलाला रांग रिकामी, दर पावलाला ताजा बाइट. मी बघत होतो तोवर प्रीफेच जणू अस्तित्वातच नव्हतं.

हे मामांना सांगायचा प्रयत्न केला. ते चहाचा ग्लास हातात धरून शांतपणे ऐकत होते. म्हणाले, ‘‘म्हंजे ताट वाढून झाल्यावर पातेल्यात मीठ घातल्यासारखं की ओ. वाढलेल्या ताटाला त्याचा काय उपेग?’’ त्यानंतर मी कुणालाही हे समजावताना दुसरा दाखला शोधलेला नाही.

तरी तर्क पटला म्हणून कारखान्याच्या मापाच्या बेंचवर हात घालणं मला मान्य नव्हतं. कार्ड, टेबल, सगळं बाजूला ठेवून नुसता प्रोसेसर तपासायचा होता. डीबगमध्येच १६ बाइटांचा एक प्रोग्रॅम लिहिला. बीएलमध्ये २९ भरा, दोन बाइट. तो पुढच्या अ‍ॅडवर लिहा, पाच बाइट. एएक्समध्ये १ भरा, तीन बाइट. काहीच न करणारे ९०, दोन बाइट. मग मेमरीतल्या शून्यात एएक्स मिळवणारी अ‍ॅड, चार बाइट. पत्ता १०० पासून सुरू केल्यावर हे सगळं १६ बाइटांच्या एकाच तुकड्यात बसतं, त्यामुळे अर्धं रांगेत आणि अर्धं बाहेर असा घोळ राहत नाही. शेवटानंतर ब्रेकपॉइंट ठेवून डीबगची ‘जी’, म्हणजे सलग चालवायची, कमांड दिली.

४८६ वर उत्तर आलं १. म्हणजे बेरीज. आणि त्याच वेळी बाइटांची ओळ वाचून दाखवणाऱ्या यू कमांडने पाहिलं तर त्या जागी सब लिहिलेली. तेच टी ने चालवलं तर उत्तर एफएफएफएफ, म्हणजे वजा एक. मग दोन ९० काढून लिहिणाऱ्या ओळीच्या लगेच नंतर ‘ईबी ००’ घातले. ही नुसती पुढच्याच ओळीवर मारलेली उडी, कुठेही न नेणारी, पण रांग रिकामी करणारी. आता जी ने चालवलं तरी एफएफएफएफ. इंटेलचं ४८६ चं मॅन्युअल एका कॉलेजच्या लायब्ररीत बसून चाळलं, तिथेही हाच सल्ला होता: इन्स्ट्रक्शन बदलली की लगेच एक जंप घाला.

कारखान्याच्या अकाउंट्समध्ये एक नवा पेंटियम आला होता. जेवणाच्या सुट्टीत परवानगी घेऊन तोच १६ बाइटांचा प्रोग्रॅम त्यावर चालवला. उडी असो वा नसो, दोन्ही वेळा एफएफएफएफ. १९९३ साली आलेल्या पेंटियमपासून प्रोसेसर स्वतःच लक्ष ठेवतो की लिहिलेला पत्ता आधी आणलेल्या इन्स्ट्रक्शनपैकी कुणाचा आहे का, आणि असला तर आणलेलं टाकून देतो. म्हणजे जुन्या एक्सटीवर बरोबर, नव्या पेंटियमवर बरोबर, आणि मधल्या ४८६ वरच चूक. मालकांनी विचारलं, ‘‘मग पेंटियमच घ्यायचा का?’’ मी नको म्हटलं. दोन बाइटांच्या दुखण्याला नवीन मशीन घेणं मला बरं वाटेना.

दुरुस्ती करायची तर ‘ईबी ००’ ला दोन बाइटांची जागा हवी, आणि ईएक्सईमध्ये मोकळी जागा नव्हती. एक बाइट जरी मध्ये घुसवला तरी पुढचे सगळे पत्ते सरकणार. कागदावर ते लूप उतरवून मी बराच वेळ बघत बसलो. आणि मग लक्षात आलं की स्वतःला बदलण्याची गरजच नाही. वजा एक करणं म्हणजे वजा एक मिळवणं. अ‍ॅड आहे तिथे अ‍ॅडच राहू दे. मिळवायचा आकडा बदलू दे.

तक्त्यात ०१ आणि २९ होते. २९ च्या जागी एफएफ लिहिला, म्हणजे एका बाइटातला वजा एक. आणि दुसरा बाइट ०१ हा तर मुळातच अधिक एक! अ‍ॅडचा ऑपकोड, म्हणजे तिची ओळख सांगणारा बाइट, आणि हवा असलेला आकडा एकच निघावा, हा योगायोग मला अजून सुखावतो. मग स्वतःवर लिहिणारी पाच बाइटांची ओळ आणि एएक्समध्ये १ भरणारी तीन बाइटांची ओळ, मिळून आठ बाइट पुसले. त्या जागी बीएल मधला आकडा एएलमध्ये घेणारी दोन बाइटांची ओळ, त्याचं चिन्ह सांभाळून तो पूर्ण एएक्समध्ये पसरवणारी सीबीडब्ल्यू, एक बाइट, आणि उरलेल्या पाच जागी ९०. जागेची बेरीज जुळली, वेळ दोन्ही दिशांना सारखाच राहिला, जंप एकही नाही. मूळ लिहिणाऱ्याने जे साधलं होतं ते सगळं टिकलं.

एक तपासणी मात्र मी सोडली नाही. एक वजा करणं आणि वजा एक मिळवणं यांचं उत्तर एकच येतं, पण कॅरी फ्लॅग, म्हणजे हातचा आला का ते सांगणारी प्रोसेसरची खूण, एकच येत नाही. पुढे तो फ्लॅग कुणी वाचत असेल तर दुसरीच भानगड उभी राहिली असती. लूप शेवटपर्यंत वाचून काढलं. कुणी वाचत नव्हतं. मग ‘२ई ८८’, म्हणजे स्वतःच्या कोड सेगमेंटमध्ये, प्रोग्रॅमच्याच जागेत, बाइट लिहिणाऱ्या ओळीची सुरुवात, हे पूर्ण फाइलमध्ये शोधलं. आणखी एक जागा निघाली, शून्य सेट करण्याच्या भागात. तिथे लिहून झाल्यावर लगेच रिटर्न होतं, आणि रिटर्नने रांग रिकामी होतेच. ती जागा जशी होती तशी ठेवली.

बदललेली फाइल ४८६ वर चढवली. डीबगने ईएक्सई थेट परत लिहिता येत नाही, आधी फाइलचं नाव बदलून ‘ईएक्सई’ हे आडनाव काढावं लागतं, तेवढा एक सोपस्कार. मामांनी डायल लावली. डावीकडून २५.०००, उजवीकडून २५.०००. टेबलाच्या दोन्ही टोकांना तेच. ऑपरेटरने बोटाने हँडव्हील केसभर हलवलं. सुई आणि आकडा एकाच दिशेला. मामांनी स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे ठोकळे, काढून स्वतःच्या पद्धतीने सगळं पुन्हा एकदा मोजलं, आणि मगच रिजेक्टचा ट्रे ओढून त्यातले स्पूल एकेक करून तपासायला घेतले. त्यातले बरेच चांगले निघाले.

त्या काळी काही सॉफ्टवेअरवाले हीच गोष्ट मुद्दाम वापरत. पुढचाच बाइट बदलायचा. प्रोग्रॅम सुटा चालला तर रांगेतला जुना बाइट चालतो, कुणी डीबगरने उघडून बघत असेल तर नवा, आणि तो नवा बाइट बघणाऱ्याला भलतीकडे घेऊन जातो. ८०८६ आहे की ८०८८ हे प्रोग्रॅममधून ओळखायचं असेल तर रांग किती लांब आहे हे अशाच रीतीने मोजत. आमच्या बेंचवाल्याचा तसा कुठलाही हेतू नव्हता.

हल्ली मायक्रोकंट्रोलरवर काम करणारी मुलं विचारतात की हे सगळं आता इतिहासजमा झालं का. इंटेलच्या बाजूला बहुतेक झालं. एआरएम या दुसऱ्या प्रोसेसर घराण्याच्या बाजूला नाही. तिथल्या मोठ्या प्रोसेसरांत डेटाची कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळचा झटपट साठा, वेगळी आणि इन्स्ट्रक्शनची वेगळी असते, आणि एकीत लिहिलेलं दुसरीला आपोआप कळेल याची हमी नसते. रॅममध्ये नवा कोड ठेवून तो चालवायचा, तर आधी डेटाची कॅश मेमरीत उतरवायची, मग इन्स्ट्रक्शनच्या कॅशमधलं जुनं रद्द करायचं, आणि शेवटी बॅरिअर इन्स्ट्रक्शन देऊन आधीच आणलेलं टाकायला लावायचं. यातलं काही राहिलं तर टेबलावर डीबगर जोडलेला असताना सगळं चालतं आणि तो काढला की बोर्ड बसतो. अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, कोड रॅममध्ये कोण लिहितंय?

ज्यांना हे स्वतः करून बघायचंय त्यांनी ४८६ शोधत फिरू नये. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुनं डॉस चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, प्रोसेसरच्या प्रकारासाठी ‘३८६_प्रीफेच’ असा पर्याय आहे, तो रांगेचं वागणं दाखवण्यासाठीच ठेवलेला आहे. त्यात वरचे १६ बाइट लिहा, आधी साध्या ३८६ वर चालवा, मग पर्याय बदलून चालवा, आणि दोन्ही वेळा उत्तराबरोबर मेमरीतला तो एक बाइटही उघडून बघा.